गव्हर्नरचा शब्द

क्वेकर पंथीयांच्या वसाहतीत विलायतेहून नवा गव्हर्नर आला, तो न्यायासनावरही बसे. घोडाचोरीसाठी जोसाया लोहाराला फाशी द्यायचं त्याने जवळजवळ ठरवलंच होतं. घोडा आपणहून कुंपण ओलांडताना पाहिला होता एकट्या म्हाताऱ्या टॅबिथाने. पण शपथ घेणं तिच्या पंथात पाप.

"शपथेवाचून तुझा शब्द खरा कसा मानू?" गव्हर्नर गरजला.

पंथाच्या रीतीप्रमाणे टॅबिथा राजालाही 'तू'च म्हणायची. "भल्या माणसा, जोसाया चोर आहे, हे तू शपथेवर सांगतोस का?"

"मला शपथ कशाला? मी खोटं बोलतच नाही!"

"अरे, मग तू आमच्याच पंथातला की! ये, आमच्या बाकावर बस."

कचेरीत खसखस पिकली. गव्हर्नरलाही हसू आवरेना. त्याने शपथेवाचूनच तिची साक्ष ऐकली, आणि जोसाया संध्याकाळी जेवायला घरी पोचला.