नऊ गावांचा नवा करार

फार पूर्वी एका डोंगररांगेत नऊ गावं होती. गढीवरचा एक सरदार त्यांच्यावर हुकूम गाजवायचा. शेवटी नऊही गावं एकजुटीनं उठली आणि त्यांनी त्याला पळवून लावलं.

“आता पुन्हा कुणाचा हुकूम नको,” असं सगळ्यांनी ठरवलं. करार झाला. नऊ गावांचा एक प्रमुख असेल, पण तो फक्त विनंती करील. आणि नऊही गावांनी होकार दिल्याशिवाय करारातला शब्द बदलणार नाही.

प्रमुख म्हणून गिरजाबाईंना निवडलं. बाई हुशार, कामाला वाघ. पण हाती काय, तर विनंती! रस्त्याच्या कामाला माणसं मागावीत, तर कुणाची पेरणी चाललेली, कुणाची जत्रा. बाई हात हलवत परत यायच्या.

एका उन्हाळ्यात भर दुपारी डोंगराला वणवा लागला. गिरजाबाईंनी गावोगाव निरोप धाडले. चार गावांची माणसं धावत आली. चार गावांनी ‘बघतो’ म्हणून कळवलं. वरच्या गावचे सुभानजी पाटील म्हणाले, “वारा आमच्याकडं नाही. आम्ही कशाला यायचं?”

संध्याकाळपर्यंत दोन गावांची राख झाली. एक म्हातारी त्या राखेत आपली गाय शोधत होती. गिरजाबाईंना तिच्याकडे बघवेना.

आठवड्याभरात सभा भरली. जुन्या कराराला ठिगळ लावू, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. गिरजाबाई म्हणाल्या, “ठिगळानं भागणार नाही. करार नव्यानं लिहू.”

जळलेल्या गावांतले लोक ओरडले, “तुम्हीच हुकूम करा, बाई! कायमच्या!”

सुभानजी ताडकन उठले. “गढीवरचा सरदारही आपल्या भल्यासाठीच हुकूम करायचा म्हणे!”

लोक त्यांच्या अंगावर धावून गेले. त्या घडीला गिरजाबाई नुसतं ‘बरं’ म्हणाल्या असत्या, तर नऊही गावं त्यांची झाली असती. पण त्या मध्ये उभ्या राहिल्या.

“पाटील आले नाहीत, ही त्यांची चूक. पण त्यांची भीती खोटी नाही. तीसुद्धा करारात लिहू.”

तीन दिवस खल चालला. आग, पूर आणि दरोडा यांत प्रमुखाचा हुकूम सगळ्यांनी मानायचा. गावचा कारभार ज्या त्या गावाकडे. प्रमुख तीनच वर्षं, आणि चुकला तर त्याआधीही पायउतार. आणि आता नऊ नव्हे, सात गावांनी मानलं, की करार लागू.

आठ गावांचे अंगठे उठले. सुभानजी अडून बसले. “प्रमुखाचा माणूस न विचारता माझ्या घरात शिरणार नाही, हे लिहा.”

“लिहा,” गिरजाबाई म्हणाल्या. पाटलांनी अंगठा उठवला.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वणवा पेटला. हुकूम सुटला, नऊही गावं विळे घेऊन धावली. गवत कापून रुंद पट्टा मोकळा केला आणि आग तिथंच विझली. एकही घर जळलं नाही.

तीन वर्षं सरली. “अजून थोडे दिवस राहा,” सभेत लोक विनवू लागले. गिरजाबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि त्या खाली बायकांमध्ये जाऊन बसल्या. त्या वर्षी नदीला पूर आला. नव्या प्रमुखानं हुकूम दिला, “घरटी एक माणूस बांधावर!” गिरजाबाईंनी पदर खोचला, मातीची पाटी डोक्यावर घेतली आणि त्या रांगेत उभ्या राहिल्या.

तात्पर्य: राज्य टिकायला हुकमाचं बळ लागतं, पण बळ देतानाच त्याची हद्दही लिहून ठेवावी.