नाही कोण म्हणालं

तीन दिवस एकाच प्रोग्रामशी भांडलेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का?

निशिकांत तसाच आचरेकरबाईंकडे आला. हॅस्केल ही प्रोग्राम लिहायची भाषा त्याला बाईंनीच शिकवली होती.

"बाई, मुक्ताने सगळं बिघडवून ठेवलंय."

अंध मुलांच्या शाळेसाठी धडे ब्रेलमध्ये छापणारा तो प्रोग्राम. चालू करताना हुकमाच्या ओळीत 'ब्रेल' अशी सूचना, म्हणजे फ्लॅग, द्यायची. ती वाचणारा भाग निशिकांतच्या संस्थेतल्या मुक्ताने लिहिला होता. सात महिने खपून.

"फ्लॅग दिला की म्हणतो, ओळखीचा नाही. सतरा वेळा तिची फाइल बदलली."

"आणि ती काय म्हणते?"

"तिच्याकडे चालतो म्हणे. सगळेच असं म्हणतात."

बाई शेंगा सोलत होत्या.

"सतरा वेळा बदललंस. उत्तर एकदा तरी बदललं?"

"नाही. अक्षरही नाही."

"मग ते उत्तर तिच्या फाइलीचं कशावरून?"



बाईंनी हात पदराला पुसले. लॅपटॉप जवळ ओढला आणि चूक दाखवणाऱ्या ओळीतल्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं.

"हे वाच."

"कबाल."

कबाल म्हणजे प्रोग्राम बांधून चालू करून देणारं साधन. हुकूम आधी त्याच्या हाती पडतो.

"नाही कोण म्हणालं?"

"...कबाल."

"शाळेतही तू उदाहरण अर्धं वाचूनच सोडवायला घ्यायचास."

बाईंनी फ्लॅगच्या आधी दोन आडव्या रेघा काढल्या. पुढे जागा मोकळी सोडली. नुसत्या रेघा, शब्द नाही.

"हे काय?"

"दारावरच्या माणसाला सांगितलं, यापुढचं तुझ्यासाठी नाही."

कळ दाबली. पडद्यावर ठिपक्यांच्या ओळी उमटू लागल्या. पहिला धडा, दुसरा धडा.

"म्हणजे मुक्ताचा भाग..."

"त्याला तू आज पहिल्यांदा काही विचारलंस. त्याने उत्तर दिलं. तिच्याकडे ती प्रोग्रामला थेट हाक मारत असेल, मध्ये कोणी नसेल."



"बाई, मी दुपारी संस्थेच्या अध्यक्षांना पत्र दिलंय. मुक्ताला काम जमत नाही, तिला काढा म्हणून."

बाईंनी शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"ते मात्र पोचलं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता निशिकांत अध्यक्षांच्या घरी गेला. मुक्ता साडेसातलाच येऊन तिच्याकडची कार्यालयाची किल्ली परत देऊन गेली होती.