मेसची बियर आणि ओढ्याचं पाणी

सोनखांबच्या छावणीत एदलजीशेठांचा बियरचा कारखाना होता. गावानं त्यांना नगरपालिकेचे अध्यक्ष केलं, तेव्हा छावणीचा प्रमुख कर्नल ट्विग अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये पोट धरधरून हसला होता.

गाव ओढ्याचं पाणी पीत असे आणि वरच्या अंगाला पलटणीचे घोडे धुतले जात. त्या उन्हाळ्यात हगवणीनं तीन माणसं दगावली. शेठ कर्नलकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, घोडे गावाच्या खाली धुवा."

"ओढ्याचं पाणी उत्तम आहे," कर्नल गुरकावला. "दारू गाळणाऱ्यानं मला पाणी शिकवू नये."

"मग तसं लिहून द्या. गावाला दाखवतो."

कर्नलनं झोकात सही ठोकली.

शेठनी कागद खिशात घातला. "माझ्या विहिरीचं पाणी आजवर फक्त तुमच्या बियरसाठी राखलं होतं. उद्यापासून ते गाव पिईल, आणि मेसची बियर ओढ्याच्या पाण्यात बनेल."

"अरे, त्यात घोडे धुतात!" कर्नल ओरडला.

"असू दे की. पाणी उत्तम आहे, खाली तुमची सही आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच घोडे गावाच्या खाली गेले. कर्नलनं कागद परत मागितला. तो मात्र शेठनी दिला नाही.