ठकूआत्याची चिमूट

पाहिलेलं कोणी उरलं नाही, पण ऐकलेलं गारमाळात घरोघरी आहे. फार फार वर्षांपूर्वी तिथं ठकू नावाची बाई विहिरींसाठी खडक फोडायची. तिच्या पहारेला दगड आपणहून वाट देई, असं म्हणतात.

ठकूला एकच धाकटी बहीण, भिमा. एकदा भिमाचं तोंड आलं. वाटेवरच्या औषधवाल्यानं पांढरा खडा दिला. "तुरटी आहे, उगाळून लाव," म्हणाला. दिवस मावळायच्या आत भिमा गेली. औषधवाला रडायलाच लागला, "बाई, अगदी तुरटीसारखी दिसत होती हो!"

त्या 'सारखी'नं ठकूच्या पायाला भिंगरी लागली. घास गिळवेना, एका जागी बसवेना. सापडेल तो पांढरा तुकडा ती ओटीत घाली आणि चालत सुटे. शेजारगावच्या शास्त्रीबुवांना तिनं विचारलं, "बुवा, खनिज म्हणजे काय?"

"खणून निघतं ते खनिज."

"खणताना खापरं निघतात, हाडं निघतात. तीपण खनिजंच?"

शास्त्रीबुवांनी पोथी मिटली. मग म्हणाले, "तूच शोध, बाई. माझ्या पोथीत एवढंच आहे."

ती शोधत राहिली. खापर कुंभाराच्या हातचं, ते तिनं टाकलं. हाड आणि शिंपला जिवानं केलेली, तीही टाकली. काळा खडक उन्हात धरून पाहिला, तर त्यात चार जातींचे कण. "हे तर अख्खं गाव झालं," ती म्हणाली, "मला त्यातलं एकेक माणूस ओळखायचंय." काच फोडली, तर ती फुटेल तशी फुटली, तीही टाकली.

मग एका विहिरीत, खडकाच्या पोकळीत, तिला पाण्यासारखा स्वच्छ दगड सापडला. घणाचा घाव बसताच त्याच्या तिरक्या पेट्या झाल्या. पेटी फोडली, तर आणखी लहान तिरक्या पेट्या. नखाएवढा तुकडासुद्धा तसाच. भिमा गेल्यापासून ठकू पहिल्यांदा हसली, असं म्हणतात. घरोघरी जाऊन ती बायकांना सांगू लागली, "धरणीनं घडवलेलं, जिवानं नव्हे. टणक. आतबाहेर एकच. आणि कणाकणात आपली घडण सांभाळणारं. ते खनिज!"

पण तिला थारा मिळेना. दोन खनिजांची घडण सारखी निघाली तर?

एका वर्षी नदी गावात शिरली आणि विहीर गढूळ झाली. गढूळ पाणी पिऊन पोरंबाळं आजारी पडली. कुण्या फिरस्त्यानं तुरटीचं पोतं आणलं. पाटील पोतं विहिरीत रिकामं करणार, तोच ठकू धावत आली.

"थांबा, पाटील!"

"अगं, तुरटीच हाय ही. पोरं तहानेनं मरतील."

ठकूनं दोन खडे उचलले. रंग एक. टोकदार पैलूही एक. "रूप एक असलं तरी पोटातलं एक असेलच असं नाही," ती म्हणाली. "निखारे आणा. तुरटी कुठलीही असो, विस्तवावर फुलतेच."

पहिला खडा लाहीसारखा फुलला. लोक ओरडले, "बघ, तुरटीच!" दुसरा फुलेना. त्यातून पांढरा धूर निघाला. ठकू निखाऱ्यावर वाकली आणि तिनं छाती भरून वास घेतला.

"लसूण," ती खोकत म्हणाली. "विस्तवावर असा वास सोडतो तो सोमल. विष. माझी भिमा यानंच गेली."

अर्धं पोतं सोमल निघालं. एकेक खडा ठकूनं स्वतः पारखला, दुसऱ्या कोणाला जवळ येऊ दिलं नाही. खऱ्या तुरटीनं पाणी निवळलं, पोरं प्यायली. ठकूचा आवाज मात्र त्या धुरात गेला तो गेलाच.

तिसऱ्या दिवशी ती पहार घेऊन डोंगराकडे निघाली. मेंढक्यांनी पाहिलं की कडा उघडला, आतल्या भिंती स्फटिकांनी लखलखत होत्या, आणि ठकू त्यांच्यावर हात फिरवत आत गेली, असं म्हणतात. त्या डोंगरात अजून घणाचे घाव ऐकू येतात, असंही म्हणतात.

आजही गारमाळात तुरटी आणली की आधी चिमूटभर निखाऱ्यावर टाकतात आणि म्हणतात, "ठकूआत्या, बघ गं." ती फुलली तरच पाण्यात जाते. तोवर सगळे वाऱ्याकडे पाठ करून लांब उभे असतात. निखाऱ्यावर कोणी वाकत नाही. गावाच्या वाटचं ती वाकून गेली आहे.