तोंडातले जीव

"म्हणजे दात घासणं ही हिंसाच झाली ना, भंते?"

विमलबोधी भंते माठ भरत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"रोज सकाळी तुमच्या हातून किती जीव मरतात, ठाऊक आहे?"

"नाही रे. तू सांग."

"कोट्यवधी!"

"हं..."

विचारणारा होता श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्खू, सुभद्र. चीवर घेण्याआधी तो नागपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकला होता. तिथे त्याने आपल्याच दातांवरचा पांढरा थर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. जंतूंची गावंच्या गावं वळवळत होती. ते दृश्य काही त्याच्या डोळ्यांपुढून हटेना. पवनीकडच्या या टेकडीवरच्या विहारात आला, जीवहिंसा न करण्याचं शील घेतलं, आणि त्या दिवसापासून ब्रश टाकला. नुसती चूळ भरायचा.

आणि हे कुणी न विचारताही सांगायचा.

"काल पाठाला आलेल्या गावातल्या गयाबाई नाकाला पदर लावून बसल्या होत्या," भंते म्हणाले.

"लोकांना तपाचा वास सोसत नाही, भंते."

भंते हसले नाहीत. माठावर झाकणी ठेवून ओट्यावर टेकले.

"हे तुझे जीव... सगळे एकाच स्वभावाचे?"

सुभद्र खुलला. हा त्याचा विषय.

"छे! बरेचसे गरीब. उलट राखणच करतात, परक्या जंतूंना टेकू देत नाहीत. काही मात्र हवेला भिणारे. हिरडीच्या कडेला, थराच्या तळाशी दडून असतात. ते वाढले की हिरडी सुजते."

"आणि तो थर कुणी हलवलाच नाही तर?"

"जाड होत जातो. तळाशी हवा पोचत नाही. मग दडलेले माजतात, आणि राखणारे..."

तो थांबला. पुढचं वाक्य त्याला येत होतं. परीक्षेत त्याने ते लिहिलंही होतं.

"राखणारे?"

"मरतात."

"आ कर," भंते म्हणाले.

त्यांनी ओल्या फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आई लेकराचं तोंड पुसते तसं त्याच्या हिरडीवरून हलकेच फिरवलं. मग ते टोक त्याच्यापुढे धरलं.

लाल झालं होतं.

"हे कुणाचं?"

"माझं."

"हा जीव मोजलास?"

सुभद्रची मान खाली गेली. चूळ रोजच लाल येत होती. व्रत म्हटलं की एवढं चालायचंच, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. पण एकटा असला की जिभेने एकेक दात चाचपून बघायचा.

"दात पडतील का हो, भंते?" आवाज अगदी लहान झाला होता.

"मी भिक्खू आहे, डॉक्टर नाही. उद्या पवनीला जा."

पवनीच्या दातांच्या डॉक्टर मेश्रामबाईंनी दगडासारखा घट्ट झालेला थर खरवडून काढला. एकेक दात दाबून पाहिला.

"हाड शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "वेळेवर आलात. रोज दोनदा घासा, सूज आपोआप उतरेल."

पहिले काही दिवस ब्रश धरताना मनातल्या मनात तो क्षमा मागायचा. पंधरवड्यात रक्त थांबलं. हिरड्या गुलाबी, घट्ट झाल्या. पुढच्या पाठाला गयाबाई अगदी जवळ येऊन बसल्या. पाठ संपल्यावर म्हणाल्या, "शेवटली गाथा पुन्हा म्हणा ना, बाप्पा. गोड वाटते."

त्याने म्हटली.

तरी एक गोष्ट मनात टोचत राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्यापाशी दोघे तोंड धुवत असताना त्याने विचारलंच.

"भंते, ते सगळे जीव... गेले का हो?"

भंतेंनी सावकाश चूळ टाकली. तोंड पुसलं.

"जातील कुठं? आता कुठं नांदायला लागलेत."