वाकडूचं शेपूट

जमिनीवर साधं गवतही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रतळाशी वाकडू नावाचा एक जीव राहायचा, तारामाशांचा दूरचा नातलग. अंग वेडंवाकडं आणि त्याला एकच लांब शेंडा. तारामाशांच्या भावकीत पंगतीला बसायचं तर आधी पाच हात मोजून दाखवायचे, अशी रीत. तरी एकदा वाकडू पंगतीत येऊन बसला.

"हे शेपूट आहे. ऊठ," थोरले काका म्हणाले.

"हात आहे, पण एकच. तरी ऊठच," धाकटे काका म्हणाले.

दोघांची जुंपली. तेवढ्यात खाऊ समोरून वाहून गेला. दोघांचे मिळून दहा हात, पण घास एकातही नाही.

भुकेल्या वाकडूनं शेंडा चिखलात रोवला, अंग ओढत खाऊ गाठला आणि त्याच शेंड्यानं खायला लागला.

"अरे थांब, ते काय आहे हे अजून ठरायचंय," काका ओरडले.

"ठरवा सावकाश," वाकडू भरल्या तोंडानं म्हणाला. "माझं जेवण होतंय तोवर."