भिंतीतली वाट

ऐनटोल्यातल्या प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीत, डोंगराच्या अंगाला, ताटलीएवढे गोल भोक आहे. त्याला झडप नाही. पावसात पाणी आत येते, तरी कोणी ते बुजवत नाही. पाहुण्यांनी कारण विचारले की म्हातारे डोमाजी त्यांना ओट्यावर बसवतात आणि सायत्राची गोष्ट सांगतात.

गाव पूर्वीपासून कोशांवर जगणारे. ऐनाच्या झाडांवर अळ्या पोसायच्या, त्यांचे कोसे उकळून रेशीम काढायचे. काही कोसे मात्र बेण्यासाठी राखायचे. त्यांतून पाखरे निघत, अंडी घालत आणि पुढचे पीक उभे राही. हे बेणे सायत्राच्या घरी आढ्याला टांगलेले असे. एका साली राजाघरच्या लग्नाला रेशीम कमी पडले. गावाने बेणेही मागितले आणि सायत्राने ते काढून दिले. सगळे उकळले गेले, असे सांगतात.

धानाच्या ढोलीमागे पडलेला एकच कोसा वाचला होता. झडीच्या दिवसांत त्यातून मादी निघाली. या पाखराला खायला तोंड नसते; जगेल तितके दिवस ते उपाशीच. "हिला जोडीदार मिळेतोवर मी बी जेवणार नाही," सायत्रा म्हणाली. रानातला नर वासावर येतो, हे तिला ठाऊक होते.

दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी मागच्या कुडाच्या भिंतीखाली तिला एक नर मेलेला सापडला. भिंतीवर आपटून त्याचे पंख फाटले होते. दार पलीकडच्या अंगाला होते. मादीला बाहेर ठेवावे, तर पाऊस आणि कावळे. सायत्राने विळा घेतला आणि ती कूड कापायला लागली.

नवरा ओरडला, "काहून वं, एका पाखरासाठी घर फोडतंस?"

"अख्ख्या गावाचं बेणं मीच चुलीवर चढू देल्लं. आता भिंत कोनासाठी राखू?"

चौथ्या दिवशी पहाटे डोंगराकडून दुसरा नर आला, थेट त्या भोकातून. मेलेल्याचे पंख सरसकट तांबूस होते. याच्या चारही पंखांवर एकेक गोल होता, काचेसारखा आरपार. भिंतीतली वाट त्याने अंगावर घेतली, म्हणे. पुढे मादीने अंडी घातली. सायत्राने ती पानांवर घेऊन घरोघर वाटली आणि मगच पेज प्यायली.

आजही सिमेंटचे घर बांधणारा आधी ते भोक सोडतो. बेणे टांगले की घरातली कर्ती बाई पहिला नर येईतो जेवत नाही. गोष्ट संपली की डोमाजी जपून ठेवलेला एक पंख काढतात आणि पाहुण्याच्या डोळ्याशी धरतात. त्याच्या गोलातून डोंगर दिसतो.